आप्पारावाचं ऑपरेशन

उमापुरात ऑपरेशनला डॉक्टरांनी दिलेलं नाव कधीच टिकत नाही. गावात जो माणूस ते पहिल्यांदा करून येतो, त्याच्या नावावर ते कायमचं चढतं. मोतीबिंदू म्हणजे 'दगडाबाईचं'. हर्निया म्हणजे 'धर्मराजचं'. कुणी दवाखान्यातून आलं आणि शेजारच्यानं विचारलं, काय म्हणले डॉक्टर, की उत्तर येतं, "काय न्हाई, धर्मराजचं करायचं म्हणले." ऐकणारा मान डोलावतो. त्याला सगळं कळलेलं असतं: कुठं कापणार, किती दिवस घरी बसायचं, वांगं चालणार की नाही. धर्मराज बिचारा कुठल्याही लग्नात गेला की लोक आधी त्याच्या पोटाकडं बघतात आणि मग तोंडाकडं.

पद्धत तशी लई सोयीची. पिढ्यान् पिढ्या कुणाचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते सुरेखाच्या पाठीच्या वेळी, आणि ते निस्तरायला तिच्याच पोरीला कंबर कसावी लागली.

पोरीचं नाव राजनंदिनी. नाव घराच्या दारातून आत मावेना, म्हणून घरात नुसतं 'नंदे'. दहावीत होती. मागच्या वर्षापर्यंत ही पोरगी हजेरीला 'यस सर' इतक्या हळू म्हणायची, की सरांनी दोनदा तिची गैरहजेरी लावली आणि तिनं ती मुकाट्यानं लावूनही घेतली. मग आली सव्वीस जानेवारी. सूत्रसंचालन करणाऱ्या पोरीला ऐन सकाळी कांजिण्या निघाल्या, बाईंनी समोर दिसली तिच्या हातात माईक कोंबला, आणि काय झालं देव जाणे, राजनंदिनीच्या आतून कुणी दुसरीच पोरगी बाहेर आली. ती काही परत आत गेली नाही. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली. आता ती म्हशीला वैरण टाकतानाही "आदरणीय व्यासपीठ" म्हणून सुरुवात करायची, आणि म्हैस शांतपणे रवंथ करत ऐकून घ्यायची.

तिची माय सुरेखा. बरीच वर्षं नवऱ्याबरोबर, भागवतबरोबर, ऊसतोडीला गेलेली. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायची, तीही गाणं म्हणत. आता दोघं गावातच राहत होते. दोन म्हशी, थोडी कपाशी. पंचमीला माहेरवाशिणी जमल्या की फुगडीत सुरेखाचा हात धरायला बायका घाबरायच्या. एकदा तिनं पकडलं की समोरची गरगरून खाली बसेपर्यंत सोडायची नाही.

पाठ दुखायची, पण पाठ कुणाची दुखत नाही? नवीन गोष्ट सुरू झाली ती या उन्हाळ्यात. चालता चालता तिच्या डाव्या पायातली चप्पल निघून पडायची आणि तिला कळायचंच नाही. ती आपली पुढं निघून जायची आणि राजनंदिनी मागून चप्पल उचलून आणायची. पहिल्या पहिल्यांदा घरात हसायला येई.

"हिच्या चपलेला हिच्यापेक्षा जास्त अक्कल," भागवत म्हणायचा. "सावली दिसली की बसून घेती."

मग एके दिवशी सुरेखा रानातून आली ती तळपायात अख्खा बाभळीचा काटा घेऊन. पाय रक्तानं माखलेला, आणि ती चुलीपुढं बसून विचारतेय, "हे फरशीवर लाल कशाचं सांडलंय गं?"

त्या दिवशी कुणी हसलं नाही.

बीडला मणक्याच्या डॉक्टर होत्या, तेजश्री जोगदंड. त्यांनी फोटो उजेडाला धरला. खालचा एक मणका पुढं सरकलाय, पायाकडं जाणारी शीर दाबलीय. सरकलेला मणका आणि त्याच्या खालचा, हे दोन एकमेकांना कायमचे जोडून टाकायचे. "पायात जीव आहे तोवर करू या," त्या म्हणाल्या. "उशीर झाला तर पाऊल लोंबायला लागेल. मग ऑपरेशन करूनही ते परत येईलच, असं मी सांगू शकणार नाही." सरकारी योजनेत बसत होतं, म्हणजे तोही प्रश्न नव्हता. पंचमीनंतरचा सोमवार ठरला.

सुरेखानं सगळं ऐकून घेतलं. मग ती घरून जो एकच प्रश्न घेऊन आली होती तो विचारला.

"म्हणजे आप्पारावाचं का, मॅडम?"

दाराबाहेर ही रांग लागलेली. मॅडमना रोज कुणीतरी कुणाचं तरी नाव सांगायचंच. "हो हो, तसंच," त्या म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

सुरेखानं परतीची एस.टी. धरली. गेवराईच्या स्टँडवर उतरल्यावर तिनं पदर खोचला आणि सांगून टाकलं, "मी न्हाई करणार."

*

आता आप्पाराव कोण, ते सांगायला हवं.

आप्पाराव म्हणजे माजी सरपंच. तीन वर्षांपूर्वी पाठ धरून पुण्याला गेले आणि गाडीत आडवे पडून, कमरेला हातभर रुंद पट्टा बांधून परत आले. त्या दिवसापासून आप्पाराव वाकलेले कुणी पाहिले नाहीत. त्यांच्यापुढं माणसं हातांची खुर्ची घेऊन चालायची. लग्न असो, दहावं असो, आधी खुर्ची येणार आणि मग आप्पाराव. देवळात ते नुसत्या डोळ्यांनी नमस्कार करत. नवरदेवाला आशीर्वाद द्यायचा तर नवरदेवालाच टाचा उंच करून कपाळ वर न्यावं लागे. आणि मणक्यातले स्क्रू! पहिल्या वर्षी गावात म्हणायचे दोन आहेत. पुढच्या दिवाळीला चार झाले. यंदा सहा होते, आणि त्यांच्यामधली दांडी म्हणे विमानाच्या धातूची.

तर 'आप्पारावाचं ऑपरेशन' म्हणजे हे. माणूस बरा होतो, पण खांब होतो.

"आप्पारावाला खुर्ची उचलायला मानसं हायेत," सुरेखा म्हणाली. "मला कोन हाय? वाकल्याबिगर म्हस पिळता येती का? कापूस येचता येतो का? घरातली येक गोष्ट सांग, जी उभ्यानं होती."

"पण पाय, माय!"

"पाय हाय तसा राहू दे. येका चपलेनं मानूस मरत न्हाई."

राजनंदिनी उठून उभी राहिली, दोन्ही हात मागं बांधले आणि म्हणाली, "आदरणीय माय, आज मी तुमच्यासमोर..."

"म्हशीला सांग जा," सुरेखा म्हणाली. "ती बसून ऐकती."

*

त्याच आठवड्यात बीडला जिल्ह्याची स्पर्धा होती. राजनंदिनीचा दुसरा नंबर आला. एरवी तिनं पहिल्या आलेल्या पोरीच्या भाषणातल्या चुका घरापर्यंत मोजल्या असत्या. त्या दिवशी मात्र ती बापाच्या मोटरसायकलवर मागं बसली आणि म्हणाली, "आण्णा, गाडी दवाखान्याकडं घ्या."

"कावून? आज काय नंबर हाय का आपला?"

"दुसरा हाय. घ्या तुमी."

जोगदंड मॅडम जेवायला उठत होत्या. समोर शाळेच्या ड्रेसमधली दोन वेण्यांची पोरगी, तिच्या गळ्यात मेडल आणि तिच्यामागं टोपी हातात धरून उभा असलेला बाप.

"मॅडम, माझ्या मायचं आप्पारावाचं ऑपरेशन हाय का न्हाई, तेवढं सांगा."

"आप्पाराव कोण?"

"तुमीच तर हो म्हणलात!"

मॅडम परत खाली बसल्या. राजनंदिनीनं त्यांना आप्पाराव सांगितले: खुर्ची, पट्टा, नवरदेवाच्या टाचा, विमानाचा धातू. मॅडम आधी हसल्या, मग हसता हसता थांबल्या.

"आणि त्यासाठी आई नको म्हणतेय?"

"हो."

"मी हो म्हणायला नको होतं गं. कोण आप्पाराव हे न विचारताच म्हणून गेले." त्यांनी डबा बाजूला सरकवला. "पण तुला गंमत सांगते. तुमच्या गावाला नावं ठेवायची आम्हा डॉक्टरांना काही सोय नाही. आमच्यातही हेच आहे. मणके जोडायचं एकच ऑपरेशन, पण एक जण एका नावानं ओळखतो, दुसरा दुसऱ्या. कुणी गुरूचं नाव लावतो, कुणी सामान बनवणाऱ्या कंपनीचं. परवा आमची कॉम्प्युटरवर मीटिंग झाली, देशोदेशीचे डॉक्टर. दोन तास भांडलो."

"कशावरून?"

"नावावरून!"

राजनंदिनीला इतका आनंद झाला की तिनं बापाला कोपरानं ढोसलं. देशोदेशीचे डॉक्टर, आणि सगळे उमापूरकर!

"मग ठरलं काय?"

"ठरत आलंय. प्रत्येकाचं आपापलं म्हणणं आहे. मला विचारशील तर नावावरून तीन गोष्टी कळल्याच पाहिजेत." मॅडमनी टेबलावरचा प्लॅस्टिकचा मणक्यांचा सांगाडा पुढं ओढला. "एक, आत कुठून गेलो. पाठीतून जाता येतं, पोटातून पुढून जाता येतं, कुशीतून बाजूनंही जाता येतं. दोन, आत काय ठेवलं. तीन, किती मणके जोडले आणि कुठले."

"हीर येकच, वाटा तीन," भागवत मागून म्हणाला.

"अगदी. आणि कुठल्या वाटेनं गेलो ते सांगितल्याशिवाय नुसतं विहिरीवर गेलतो म्हणून काय उपयोग?"

"मग माझ्या मायचं?" राजनंदिनी म्हणाली.

"मागून. चार स्क्रू, दोन दांड्या, मध्ये एक छोटीशी पेटी. खालचे दोनच मणके."

"आणि वाकणं?"

मॅडमनी उत्तर द्यायला जरा वेळ घेतला, आणि म्हणूनच राजनंदिनीला ते खरं वाटलं. "तीन महिने अजिबात नाही. हाड जुळू द्यायचं. मग वाकेल. पूर्वीपेक्षा थोडी कमी, पण वाकेल. खुब्यातून, गुडघ्यातून वाकायला शिकवू आपण. म्हैस पिळेल. उसाची मोळी मात्र पुन्हा डोक्यावर नाही."

"आणि फुगडी?"

"ते पुढच्या वर्षी येऊन मला विचार. आणि आप्पारावांचं कुठलं, ते मला नाही माहीत. त्यांनाच विचारायला लागेल."

परतीच्या वाटेवर राजनंदिनी मोटरसायकलवर मागं बसून वाऱ्याला ओरडून सांगत होती, "कुठून! काय! किती!" समोरून येणारा टेम्पोवाला दचकला आणि त्यानं उगीच हॉर्न वाजवला.

*

दुसऱ्या दिवशी रविवार. गिरणीपाशी बायकांची गर्दी होती. राजनंदिनी दळणाचा डबा घेऊन गेली आणि बरोबर येऊन पुढं घरी निघून गेलेल्या मायची पडलेली चप्पल उचलून पिशवीत घालता घालताच तिला वत्सलाबाई दिसल्या. वत्सलाबाईंचंही पाठीचं ऑपरेशन झालेलं, आप्पारावानंतर सहा महिन्यांनी, तेव्हा तेही अर्थातच आप्पारावाचंच. त्या गिरणीच्या कट्ट्यावर ताठ बसल्या होत्या आणि त्यांची सून धनश्री सासूचा डबा, आपला डबा आणि कडेवरचं पोर असं सगळं सांभाळत उभी होती.

"काकू, तुमच्या आत कुठून गेलते?"

"पाठीतून की. ही बघ खूण."

"आणि ठेवलं काय?"

"ठेवत्यात काय? दोन मनक्यांमधली गादी सरकलती, तिचा तुकडा काढला."

"स्क्रू?"

"कसला स्क्रू गं! काय मोटार हाय का मी?"

"मग किती मणके जोडले?"

"येक बी न्हाई."

राजनंदिनीनं दळणाचा डबा खाली ठेवला. माईक असता तर तिनं टकटक करून बघितला असता. "म्हणजे काकू, तुमचं आप्पारावाचं न्हाईच! तुमाला वाकू नका असं डॉक्टरनं कधी सांगितलं?"

"डॉक्टरनं महिनाभर म्हणलं होतं," वत्सलाबाई म्हणाल्या. "पन आप्पाराव वाकत न्हाईत, म्हणून..."

वाक्य अर्ध्यातच राहिलं. गिरणी चालू होती, पण सगळ्यांना गिरणी बंद पडल्यासारखं वाटलं. धनश्रीनं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं.

"म्हणजे अडीच वर्षं," ती एकेक शब्द निवडल्यासारखी म्हणाली, "तुमी वाकू शकत हुतात?"

वत्सलाबाईंनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग मुकाट्यानं उठल्या, वाकल्या आणि आपला डबा आपण उचलला. गिरणीत एक टाळी पडली, मग दुसरी, आणि धनश्रीनं तर शिट्टी मारली.

दुपारपर्यंत मोहनराव मास्तरही सापडले. त्यांचं मानेचं, तेही पुढून, गळ्याच्या बाजूनं. शर्टाच्या कॉलरखाली रेघ अजून दिसत होती. एक प्लेट, मानेतले दोन मणके. मास्तर वाकत होते, सायकल चालवत होते, आणि तरी गावानं त्यांच्या गळ्यात 'आप्पारावाचं'च बांधलं होतं. तीन प्रश्नांत गावातलं एक ऑपरेशन फुटून त्याची वेगवेगळी झाली. उरले एकटे आप्पाराव.

*

आप्पाराव ओसरीवर खुर्चीत होते. पट्टा सदऱ्यावरून बांधलेला, मांडीवर फोन.

"या, वक्त्या," ते म्हणाले. "काय काम काढलं?"

"आप्पा, तुमच्या आत कुठून गेलते?"

"कुठून म्हणजे? पुण्यातून."

"तसं न्हाई. अंगात कुठून शिरले डॉक्टर?"

आप्पारावांनी जरा विचार करून कुशीवर हात ठेवला. "हितून."

"बाजूनं!" राजनंदिनी उडालीच. मॅडमनी सांगितलेली तिसरी वाट! "आणि काय ठेवलं आत?"

"ठेवलं काय, काढ..." आप्पाराव थांबले. खोकले. "ठेवलं की. लई ठेवलं."

"आणि मणके किती जोडले?"

"सगळे."

"सगळे कसे असतील, आप्पा? मग तर तुमाला मान बी हलवता आली नसती."

आप्पारावांनी ताबडतोब मान हलवायची बंद केली. आता ते नुसते डोळे फिरवून बोलू लागले. "तुला कुनी पाठवलं? माझ्याइरुद्ध उभा राहिलेल्या पाटलाच्या पोरानं का?"

राजनंदिनी उत्तर देणार, तेवढ्यात मांडीवरचा फोन वाजला आणि थरथरत थरथरत घसरला. ओसरीवर आपटला, पायरीवरून उडाला आणि मोरीच्या तोंडाशी जाऊन पडला. काचेवर मोठ्या अक्षरात नाव चमकत होतं: साहेब.

तालुक्याच्या साहेबांचा फोन! आप्पाराव खुर्चीतून सुटले, पायरी उतरले आणि कमरेत असे दुमडले, की शाळेत कवायतीच्या सरांनी बघितलं असतं तर त्यांना पुढं उभं करून पोरांना दाखवलं असतं. फोन उचलला, धोतराला पुसला, कानाला लावला. "हां साहेब! न्हाई साहेब, जवळच हुता फोन!"

बोलणं संपलं. आप्पाराव वळले. राजनंदिनी तोंडावर दोन्ही हात दाबून उभी होती.

"बस खाली," ते म्हणाले, आणि या वेळी स्वतःही पायरीवरच बसले.

मग कळलं ते असं. आप्पारावांची पाठ दुखत होती, पण पुण्यात निघाला तो मुतखडा. तो काढला. गाडीत धक्के बसू नयेत म्हणून कुणीतरी पट्टा दिला. ते घरी पोचायच्या आत गावानं ठरवून टाकलं होतं की आप्पारावाचा मणका गेला. निवडणूक तोंडावर आलेली.

"मुतखड्याला कोन इज्जत देतं, पोरी? मनका म्हणलं की मानूस उठून उभं राहतं. मी येकदा बी म्हणलो न्हाई. तुमीच म्हणले. मी फकस्त न्हाई म्हणलो न्हाई."

"आणि स्क्रू?"

"ते बी तुमीच वाढवले." त्यांनी पट्टा जरा सैल केला. मग डोळ्याच्या कोपऱ्यातून विचारलं, "पंधरा ऑगस्टला माईक तुझ्याकडंच हाय ना?"

होता. राजनंदिनीच्या डोळ्यांपुढं सगळं मैदान उभं राहिलं: झेंडा, पाहुणे, पुढच्या रांगेतली हातांची खुर्ची, आणि माईकवर ती. असं भाषण अख्ख्या जिल्ह्यात झालं नसतं. पहिल्या नंबरच्या पोरीलाही सुचलं नसतं. जिभेच्या टोकाशी पहिलं वाक्य येऊनसुद्धा बसलं.

तिनं ते गिळलं. पिशवीत हात घातला आणि एक चप्पल काढून आप्पारावांसमोर पायरीवर ठेवली. डावी. पट्टा झिजलेली.

"मायची हाय, आप्पा. सकाळी गिरणीपाशी पडली. ती येका चपलेनं घरी गेली, तिला अजून पत्ता न्हाई."

आप्पारावांनी चप्पल हातात घेऊन उलटीपालटी केली.

"तुमच्या खड्याचं मला काय करायचंय? पन तिच्या पायाला लई दिवस न्हाईत, आन् ती तुमच्या नावाला भ्याली हाय. तिच्या ऑपरेशनावरलं तेवढं तुमचं नाव काढून घ्या."

*

चार वाजता आप्पाराव सुरेखाच्या दारात आले. खुर्ची नव्हती. सुरेखाची धांदल उडाली. "नंदे, पळ! शेजारून खुर्ची आन!"

"राहू दे," आप्पाराव म्हणाले. त्यांनी इकडंतिकडं बघून घेतलं, दार ओढलं, आणि कोपऱ्यात पडलेल्या रिकाम्या पोत्यावर चक्क मांडी घालून बसले.

सुरेखाच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. भागवत उभ्याचा भिंतीला टेकला. आप्पारावांनी बशीतून चहा घेतला. खाली पडलेला साखरेचा दाणा दिसला, तो वाकून उचलून बशीत टाकला. मग गुडघ्याला हात न लावता उठून उभे राहिले.

"सुरेखा, माझं निराळं हाय. तुझं त्यातलं न्हाई. कसं निराळं ते ह्या पोरीला ठावं हाय, आन् तिच्यापशीच राहील. तू जा बिनघोर."

दारात वाकून त्यांनी स्वतःच्या हातानं चपलेचा पट्टा लावला. मग अंगणाच्या बाहेर पाऊल टाकलं आणि एकदम ताठ झाले, खांबासारखे. गल्लीतून तसेच, डोळे फिरवत, सावकाश गेले.

दार लागलं आणि सुरेखाला हसू फुटलं. हसता हसता पाठीत कळ आली, तरी थांबेना. भिंत धरून हसली, डोळे पुसून हसली. मग हळूहळू शांत झाली आणि पोत्याकडं बघत म्हणाली, "नंदे, आता तर पंचाईत झाली."

"कावून?"

"भ्यायला आप्पाराव बी न्हाई राहिला. आता माझं मलाच भ्यावं लागंल." तिनं पोरीचा हात ओढून आपल्या कमरेवर ठेवला. "कुठून म्हणल्या मॅडम? हितून का?"

"हितून. मागून."

"आन् ठेवणार काय?"

राजनंदिनीनं सांगितलं. भाषण न करता, हळू, हजेरी द्यायची पूर्वी तशा आवाजात. सुरेखानं तेच पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा सांगितलं. पंचमी झाली, झोके उतरले आणि सोमवारी सुरेखा बीडला गेली. आत न्यायच्या आधी तिनं गाडीवर पडल्या पडल्या जोगदंड मॅडमना थांबवलं आणि तिन्ही प्रश्न विचारले. मॅडमनी तिन्हींची उत्तरं दिली, आणि मग बाजूच्या शिकाऊ डॉक्टरला म्हणाल्या, "ऐकलंस? असं विचारायचं असतं."

बाहेर राजनंदिनी त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. भागवतला ती आजारी आहे की काय असं वाटलं. संध्याकाळी नर्सनं सुरेखाच्या डाव्या तळपायावरून पेनाचं टोक फिरवलं, आणि गुंगीतली सुरेखा करवादली, "कोन हाय ते? गुदगुल्या करू नका!" तेव्हा कुठं राजनंदिनीच्या घशात अडकलेलं सगळं सुटलं, आणि दवाखान्यातल्या बाईंना तिला दोनदा गप्प करावं लागलं.

*

गाव तयारच होतं. सुरेखा काठी टेकत गल्लीत चालू लागली आणि बायका म्हणू लागल्या, "आता हे सुरेखाचं ऑपरेशन." सुरेखानं पहिल्याच दिवशी ते मोडून काढलं.

"माझं नाव नगं. माझं माझ्यापुरतं. तुमचं काय हाय ते डॉक्टरला इचारा: कुठून, काय, किती."

आता उमापुरात लोक हर्नियालाही हे तीन प्रश्न विचारतात. धर्मराजला जरा चुकल्यासारखं होतं, कारण त्याच्या पोटाकडं कुणी बघत नाही.

आणि आप्पाराव? त्यांनी दिवाळीच्या आधी जाहीर केलं की पुण्यात नवी पद्धत निघाली, आपण जाऊन सगळे स्क्रू काढून आलो. दुसऱ्या दिवशी ते भर देवळात वाकून पाया पडले. लोकांनी पेढे वाटले. आणि सवयीप्रमाणे त्या ऑपरेशनलाही नाव दिलं: 'आप्पारावाचं उलटं'. राजनंदिनीनं या बाबतीत एकही प्रश्न विचारला नाही. एवढा मोठा पराक्रम तिनं आयुष्यात केला नव्हता.

डिसेंबर लागला. मॅडमनी वाकायची परवानगी दिली, जरा बेतानं. सकाळी सुरेखा म्हशीशी गेली, शिकवल्याप्रमाणे गुडघ्यातून वाकली आणि बादली पायात धरून बसली. राजनंदिनी दावणीपाशी उभी राहून विभागाच्या स्पर्धेचं भाषण घोकत होती.

"आदरणीय व्यासपीठ, आणि माझ्या तमाम..."

म्हशीनं कान फडकावले आणि दूध वर चढवलं.

"नंदे, गप. पान्हा चोरला बघ तिनं."

"...तमाम बंधूंनो आणि भगिनींनो, आज या ऐतिहासिक क्षणी..."

सुरेखा सावकाश उठली. सावकाश वाकली. डाव्या पायातली चप्पल हातानं काढली आणि उगारली.

राजनंदिनी बोलायची थांबली. "माय," ती ओरडली, "ती चप्पल तू काढली! तुझी तू काढली!"

"काढली. आता फेकती बी!"

राजनंदिनी पळाली. चप्पल अंगणाच्या पार कडेला तिच्या पाठीत बरोबर बसली.

"नेम हाय अजून," भागवत दारातून म्हणाला.

राजनंदिनी सवयीनं मागं वळली, चप्पल उचलली, झटकली आणि आणून मायच्या पायापुढं ठेवली. सुरेखानं पाऊल पुढं केलं, अंगठ्यानं पट्टा धरला, घट्ट, आणि पुन्हा म्हशीखाली जाऊन बसली.